चुरी सरांचा तालुका

चुरी सरांनी मला सांगितलेली पहिली बातमी मरणाची होती. २०१४ साल. मी संस्थेच्या दुसऱ्या कॉलेजातून बदलून डहाणूच्या कॉलेजात ग्रंथपाल म्हणून आले होते, जेमतेम आठवडा झाला असेल. दुपारी वाचनालयात एक उंच, किंचित वाकलेले गृहस्थ आले, खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले, चष्मा काढून रुमालाने पुसला आणि म्हणाले, "बाई, आपला हायरम गेला हो."

मला वाटलं, वसईकडचा कुणी ख्रिस्ती प्राध्यापक असेल, मी नवीन म्हणून मला ठाऊक नाही. अशा वेळी जे करायचं ते मी केलं. पुस्तकं बाजूला सारली, आवाज खाली आणला आणि विचारलं, वय काय होतं, घरी कोण आहे, कसं झालं. सर म्हणाले, बायको आणि पाच मुलं, थोरला पंधराचा. नदीला पूर आला, गिरणीचा बांध वाचवायला उतरला आणि वाहून गेला. मला खरंच गलबलून आलं. माती कधी आहे म्हणून विचारलं तर सर जरा चपापले. मग म्हणाले, "झाली की. पावणेदोनशे वर्षं होत आली."

आता सांगताना हसू येतं, पण त्या दिवशी मी भडकले होते. माझं माहेर डहाणूच्या खाडीकाठचं. आमच्यात वाहून गेलेल्या माणसाची कुणी थट्टा करत नाही. तसं मी सरांना तिथल्या तिथे सुनावलं. तोंडाची मी फटकळच, बाजारात मासे विकणाऱ्या आईकडून आलेलं आहे ते. सर रागावले नाहीत. म्हणाले, थट्टा नाही बाई, मला आजच कळलं. अमेरिकेतल्या एका गावच्या कचेरीतून टपालाने कागद आले होते, त्यात हायरमच्या मिळकतीची वाटणी होती. ज्या माणसाचं नाव तिथल्या जुन्या कागदांत वर्षानुवर्षं दिसायचं, ते एकाएकी दिसेनासं का झालं, ते सरांना त्या दुपारी समजलं होतं. कुणाला तरी सांगायचं होतं, आणि समोर मी सापडले.

सर आमच्या कॉलेजात इतिहास शिकवायचे आणि त्यांच्या अभ्यासाचा विषय होता अमेरिकेचं राजकारण. लोकांना वाटायचं, हे राष्ट्राध्यक्षांबद्दल काहीतरी चमचमीत सांगतील. स्टाफरूममध्ये कुणी छेडलं की सर म्हणायचे, त्या मोठ्या लोकांवर लिहायला पुष्कळ जण बसलेत, मी आपला माझ्या तालुक्यापुरता. हा तालुका म्हणजे केंटकी राज्यातला एक डोंगराळ कोपरा. तिथल्या सगळ्या कारभाराला सरांनी आपले शब्द लावून दिले होते. शेरीफ म्हणजे फौजदार, कोर्टहाउस म्हणजे कचेरी, आणि निवडणुकीच्या दिवशी तिथे फुकट वाटायचे ती मक्याची दारू म्हणजे मोहाची. उधव्या-तलासरीकडची पोरं माना डोलवायची. अमेरिका त्यांना चारोटी नाक्याच्या पलीकडेच कुठेतरी असल्यासारखी वाटत असावी. मी आले त्याच वर्षी आमचा पालघर जिल्हा नवा झाला, तर सरांना कोण आनंद! माझ्या लोकांनी पण असाच वेगळा तालुका मागून घेतला होता, असं ते शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना सांगत सुटले. माझे लोक म्हणजे केंटकीचे, हे नवख्या माणसाला समजवावं लागायचं.

त्या काळी तिथे मताला चिठ्ठी नव्हती की पेटी नव्हती. माणसाने कचेरीत जाऊन आपलं नाव सांगायचं आणि मत कुणाला ते सगळ्यांदेखत मोठ्याने बोलायचं. कारकून ते आलेल्या क्रमाने वहीत उतरवून घ्यायचा. त्या वह्या टिकल्या होत्या, आणि तिथल्या कचेरीतल्या रूथ नावाच्या एक बाई वर्षानुवर्षं त्यांच्या पानांच्या झेरॉक्स सरांना पाठवत होत्या. बाई आता म्हाताऱ्या झाल्या होत्या, पण सरांचं पत्र गेलं की महिना-दीड महिन्यात जाडजूड पाकीट यायचंच. पावसाळ्यात आमच्या समुद्राच्या हवेने ते कागद दमट होऊन गुंडाळायचे. मग सर वाचनालयात या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत सुतळी बांधायचे आणि चिमट्याने एकेक पान लटकवायचे. आमच्याकडे बोंबील वाळत घालतात तसा केंटकी तालुका माझ्या डोक्यावर वाळत असायचा. मी कुरकुर करायचे, आणि सुतळी सुटली की मीच बांधायचे.

गंमत म्हणजे हा माणूस अमेरिकेला कधी गेलेला नव्हता. पासपोर्ट होता, एकदा मुदत संपली म्हणून नवाही काढला होता, दोन्ही कोरे. कधी मुलीचं लग्न, कधी त्यांच्या बायकोचं, म्हणजे आमच्या वहिनींचं ऑपरेशन, कधी इतिहास विभागात दुसरा माणूसच नाही. सर त्याबद्दल कुरकुरत नसत. फक्त एक इच्छा बोलून दाखवायचे. रूथबाईंनी कळवलं होतं की हायरमच्या गिरणीचा दगडी बांध अजून नदीत उभा आहे. तो बांध एकदा बघायचा. त्यावर बसून डबा खायचा, असंही म्हणायचे.

त्यांना एक खोड होती. कुणी काहीही सांगितलं की विचारायचे, "कुणी पाहिलं?" शिपाई सांगायला आला की प्राचार्यांनी बोलावलंय, तर कुणी पाहिलं. परीक्षा पुढे ढकलली म्हणे, कुणी पाहिलं. कासा नाक्यावर जीपवाला म्हणाला, बसा सर, आत्ता सुटते, तरी तेच. जीप भरल्याशिवाय सुटत नाही हे साऱ्या दुनियेला ठाऊक, पण सरांना पुरावा पाहिजे. एकदा माझ्या आईच्या टोपलीपुढे उभे राहिले. आई म्हणाली, पापलेट आजचं आहे. सरांच्या तोंडून सवयीने निघून गेलंच. आईने कोयता खाली ठेवला, त्यांच्याकडे वर बघितलं आणि म्हणाली, "माझ्या पोराने पकडला, मी पाहिला. आता तू खा." दुसऱ्या दिवशी सरांनी वर्गात हे जसंच्या तसं सांगितलं. पकडणाऱ्याचं नाव आहे, पाहणारा समोर आहे, याहून चांगला पुरावा मला उभ्या जन्मात मिळालेला नाही म्हणाले. पोरं दोन दिवस मला पापलेटमॅडम म्हणत होती.

२०१७च्या दिवाळीनंतर सरांचं घोडं गंगेत न्हालं. निदान आम्हाला तरी तसं वाटलं. वीस वर्षं लिहीत आलेलं त्यांचं पुस्तक अमेरिकेतल्या एका विद्यापीठाने छापायला घेतलं. वर त्या विद्यापीठाचं आमंत्रण, पुस्तक निघेल त्या हंगामात तीन महिने येऊन राहा, व्याख्यानं द्या, तुमचा तालुका बघा. सर निवृत्त व्हायला दीड वर्ष उरलं होतं. आता नाही तर कधीच नाही, हे त्यांनाही कळत होतं आणि आम्हालाही. सबंध कॉलेजात पेढे वाटले. वहिनींनी वापीहून चाकांची मोठी राखाडी बॅग आणली, आणि एक स्वेटर. डहाणूत स्वेटर कुठे मिळणार! सर भर दुपारी तो घालून वाचनालयात आले, घामाने थबथबले आणि विचारू लागले, बांधावर बसताना एवढा पुरेल ना. मी म्हटलं, सर, आधी काढा, नाहीतर इथेच चक्कर येऊन पडाल.

पुस्तकात काय होतं ते मला पाठ झालं होतं, कारण टाईप केलेली पानं जुळवायला मीच बसायचे. वह्यांमध्ये दर निवडणुकीला एक गोष्ट दिसायची. नदीच्या एका खोऱ्यातली माणसं एकदम यायची आणि एकामागून एक, एकही न चुकता, एकाच उमेदवाराचं नाव घ्यायची. त्या खोऱ्यात काम देणारा एकच मोठा माणूस, गिरणीवाला हायरम. सरांचं म्हणणं, हायरम त्यांना हाकत आणायचा. तो पोटापाण्याचा धनी, तो सांगेल ते नाव. अमेरिकेतली गावाकडची लोकशाही आरंभी अशी हाकलेल्या माणसांची होती, हा पुस्तकाचा कणा. हायरमवर सरांचा जीव होता, पण हा दोष ते त्याला द्यायचेच. माणूस वाईट नव्हता हो, म्हणायचे, पण माणसं हाकायचा.

आता सुनंदाबद्दल सांगते. सुनंदा वरठा, सायवनकडच्या एका पाड्यावरची. तिसऱ्या वर्षाला होती. पहाटे उठून घरचं आवरून, जीप आणि बस करून कॉलेजात यायची. बोलायची फार कमी. अमेरिकेचा पेपर त्या वर्षी सातच मुलांनी घेतला होता, म्हणून वर्ग वाचनालयाच्या कोपऱ्यातच भरायचा आणि मला फुकटात शिकायला मिळायचं. फेब्रुवारीतली गोष्ट. सर रंगात येऊन खोऱ्यातली माणसं सांगत होते. कशी रांगेने आली, कसं एकच नाव घेतलं, मागे हायरम कसा घोडा घेऊन उभा. सुनंदाने हात वर केला.

"सर, कुणी पाहिलं?"

पोरं खाली माना घालून हसली. मला वाटलं, आता ही ओरडा खाणार. सर म्हणाले, काय कुणी पाहिलं. ती म्हणाली, "तो मागे उभा होता ते. वहीत आहे का?"

वहीत नाही, सर म्हणाले. पण एवढी माणसं एकामागून एक तेच नाव घेतात, याचा दुसरा अर्थ काय होणार?

"आमच्या पाड्यावर पण सगळे एकदम जातात, सर. आम्हाला कोण हाकतंय?"

मग ती हळूहळू बोलली. मतदानाच्या आधी पाड्यावरचे सगळे गावदेवापाशी बसतात. काय भांडायचं ते तिथेच भांडतात, कधी दोन-दोन दिवस. मग एक काय ते ठरतं, आणि मतदानाच्या दिवशी सगळे मिळून चालत जातात. एकट्यादुकट्याचं मत कुणाला दिसत नाही, सगळ्यांचं मिळून दिसतं, विहीर पाहिजे तर विहिरीचं मागता येतं. सरांनी खडू खाली ठेवला होता. त्यांनी विचारलं, आणि ज्याला ते पटलं नसेल तो? सुनंदा म्हणाली, तो आधीच जाऊन येतो, एकटा. सगळ्यांच्या मधे जात नाही. त्याला कोण काय विचारत नाही.

तास संपायला वेळ होता, तरी सरांनी वर्ग सोडला. दुसरा कुणी असता तर पोरीला गप्प बसवून मोकळा झाला असता. वर पुन्हा म्हणाला असता, पाडा कुठे आणि अमेरिका कुठे. आमच्या स्टाफरूममध्ये तसं म्हणणारे होतेच. सर म्हणाले, खरं आहे, पाड्यावरून केंटकीचं काही सिद्ध होत नाही. पण हाकलं म्हणून तरी मी कशावरून म्हणत होतो?

त्याच उन्हाळ्यात आमच्याकडे पोटनिवडणूक लागली. सरांना सायवनला जाऊन बघायचं होतं. त्यांना एकट्याला सोडायला वहिनी तयार नव्हत्या, साखरेचा त्रास होता, म्हणून मी बरोबर गेले. आदल्या संध्याकाळी कासापर्यंत बस, पुढे जीप, आणि मुक्काम सुनंदाच्या घरी. मी सुके बोंबील नेले होते, तिच्या आईने तांदळाच्या भाकरी केल्या. सकाळी केंद्रापासून बऱ्याच लांब, रस्त्याकडेच्या आंब्याखाली सर वही आणि घड्याळ घेऊन बसले. कोण कधी जातं ते लिहू लागले. थोड्या वेळाने एक हवालदार आला. कुठल्या पक्षाचे, काय लिहिताय? सरांना खोटं बोलता येत नाही. पावणेदोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेत झालेल्या निवडणुकीचा तपास करतोय, असं त्यांनी अगदी गंभीरपणे सांगितलं. हवालदाराने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, कॉलेजचे सर आहेत, उन्हाचा त्रास होतो त्यांना. बिचाऱ्याने पाणी आणून दिलं आणि गेला.

केंद्र उघडायच्या वेळेला एक म्हातारा काठी टेकत एकटाच आला, आत गेला, बाहेर आला आणि आमच्याच आंब्याखाली येऊन बसला. तो सुनंदाचा आजा, रूपजी. तास-दीड तासाने पाड्यावरची माणसं आली, बाया-बापये, एकामागून एक. सुनंदाही त्यांच्यातच होती. म्हाताऱ्याने हात वर केला, त्यांनी हात वर केला आणि पुढे गेली. सरांनी जरा बिचकतच विचारलं, बाबा, तुम्ही आधी का गेलात?

"माझा इचार येगला," म्हातारा म्हणाला. "मंग त्यांच्या मधी जाऊन त्यांचा पाय कशाला अडवू?"

मग घरचे रागावत नाहीत का? म्हातारा हसला. "मत येगलं म्हनून चूल येगली होत नाय, मास्तर." आणि खरंच, माणसं मत देऊन परत आली तशी तो उठून त्यांच्यात मिसळला. ते सगळे बोलत-बोलत पाड्याकडे गेले. सर वहीत लिहायचं विसरून बघत राहिले होते.

सुट्टीतलं कॉलेज म्हणजे चिटपाखरू नाही. जूनच्या सुरुवातीला आम्ही दोघं रोज वाचनालयात बसायचो. मी वह्यांमधली नावं मोठ्याने वाचायची, सरांनी खुणा करायच्या. त्यांना बघायचं होतं, खोऱ्यातली माणसं यायच्या आधी त्या खोऱ्यातलं कुणी एकटं येऊन गेलंय का. आणि निघाले की! एका वहीत एक, दुसरीत दोन. सकाळी कचेरी उघडल्या-उघडल्या यायचे, खोऱ्याच्या विरुद्ध नाव घ्यायचे आणि जायचे. मला तर शिकारीसारखी मजा येत होती. तिसऱ्या का चौथ्या दिवशी मी एक नाव वाचलं आणि थांबले. पहिल्या पानावर पहिलंच नाव. मी म्हटलं, सर, हा आपला हायरम ना?

सर मान वर न करता म्हणाले, तो नव्हे, तो दुसरा हायरम. आपल्या हायरमचं मत खोऱ्याविरुद्ध जाईल कसं? मी पुस्तकात तळटीप दिलीय, याच नावाचा दुसरा माणूस असावा.

मी काही बोलले नाही. काही म्हणजे काही बोलले नाही, आणि हे माझ्या स्वभावाला धरून नव्हतं. पण सरांनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, त्यांचाच प्रश्न त्यांना माझ्या तोंडावर दिसला असावा. त्यांनी ते पान मागून घेतलं. मग उरलेल्या वह्या ओढल्या आणि स्वतःच बघू लागले. त्या निवडणुकीपासून पुढे दर वेळी तो दुसरा हायरम सकाळी पहिला येत होता, खोऱ्याच्या विरुद्ध नाव घेऊन जात होता, आणि गिरणीवाला वाहून गेला त्या सालानंतर तोही कुठे दिसत नव्हता. सरांनी टपालाची वाट न बघता त्याच दिवशी रूथबाईंना ईमेल केला, तिथल्या कराच्या याद्यांमध्ये या नावाची दोन माणसं आहेत का बघा. बाईंचं उत्तर आठवड्याने आलं. याद्यांमध्ये हायरम एकच होता.

सर माझ्या टेबलासमोर बसून ते उत्तर दोनदा वाचत होते. चष्मा काढून पुसला, अगदी पहिल्या दिवशी पुसला होता तसाच. म्हणाले, "वीस वर्षं मी त्याच्यावर आळ घेतला, बाई. आणि तो बिचारा एकटा जाऊन येत होता."

त्यांनी पुस्तक थांबवायचं ठरवलंय हे मला वहिनींकडून कळलं. जूनअखेर शेवटची प्रत पाठवायची होती. मी तणतणत सरांच्या घरी गेले. म्हटलं, सर, एक प्रकरण बदला आणि द्या पाठवून. ते म्हणाले, एका प्रकरणाचा प्रश्न नाही, कणाच चुकलाय, सगळं नव्याने लिहायला दोन वर्षं तरी जातील. मग जाऊ दे तसंच, मी म्हटलं. माझा आवाज चढला होता, आणि मी तो चढू दिला. त्या बांधावर बसायचंय ना तुम्हाला? एवढा आयुष्यभराचा घास तोंडाशी आलाय. तुमचा हायरम येऊन जाब विचारणार आहे का? साता समुद्रापार दीडशे पानांत लपलेली एक तळटीप, कोण बघणार आहे ती?

"मी पाहिली ना," सर म्हणाले.

वहिनी स्वयंपाकघरात होत्या. त्यांनी चहा आणून ठेवला, कुणी घेतला नाही. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, तशीच घरी आले. खरं सांगते, त्या दिवशी मला सरांचा अजिबात अभिमान वाटला नाही. हात दाखवून अवलक्षण करणारा हट्टी म्हातारा, असंच वाटलं.

सगळे त्यांच्या विरुद्ध होते. प्राचार्यांनी समजावलं, मुलीने नाशिकहून फोन केले, स्टाफरूममध्ये तर सभाच भरली. सर सगळ्यांचं ऐकून घ्यायचे. कुणाला मूर्ख म्हटलं नाही, स्वतःला थोर म्हटलं नाही. एका सकाळी ते सगळ्यांच्या आधी कॉलेजात आले, माझ्याच संगणकावर बसून विद्यापीठाला पत्र लिहिलं आणि पाठवून दिलं. मी पोहोचले तेव्हा ते फळ्यावर तारीख लिहीत होते. विद्यापीठाचं उत्तर सभ्य होतं. तुमचा निर्णय आम्हाला समजतो, पुस्तक सावकाश नव्याने पाठवा, मात्र आमंत्रण पुस्तकाबरोबरचं असल्यामुळे पुढे नेता येणार नाही. वहिनींनी स्वेटर कपाटात डांबराच्या गोळ्या घालून ठेवला. बॅग सरांनी वाचनालयात आणली. तिच्यात रूथबाईंची सगळी पाकिटं भरली आणि माझ्या टेबलाखाली सरकवली, पावसाळ्यात सुतळीची कटकट नको म्हणून.

मग त्यांनी काय करावं? नवं पुस्तक काही झालं नाही. पण त्या वर्षभरात एक लेख लिहिला, हायरम आणि सकाळी एकटे येणारे लोक, एवढ्याच विषयावर, आणि तो तिथल्या एका मासिकाने घेतला. २०१९च्या मार्चमध्ये छपाईआधी तपासायला त्याची पानं आली. मीच छापून काढली. पहिल्याच पानावर तळटीप होती. माझं इंग्रजी बेताचं, पण ही मी दोनदा वाचली. ज्या प्रश्नावर हा लेख उभा आहे तो मला सायवनच्या सुनंदा वरठा यांनी विचारला, त्याआधी वीस वर्षं मी या वह्या चुकीच्या वाचत होतो.

सुनंदा तेव्हा तलासरीकडे एका आश्रमशाळेत तात्पुरती शिकवत होती. सर ते पान घेऊन तिच्याकडे गेले, छापायच्या आधी तिची परवानगी घ्यायला. परत आल्यावर मी विचारलं, काय म्हणाली? तर म्हणे, तिने सगळं नीट वाचलं आणि एक दुरुस्ती सांगितली. वेगळ्या विचाराच्या माणसाने आधी जायचं, हे आपल्याला आजाने सांगितलं, तेव्हा रूपजीचं नाव हवं. सरांनी ते घातलं. केंटकीच्या हायरमशेजारी आता रूपजी वरठा बसलाय, त्या बर्फाळ विद्यापीठांच्या कपाटांमध्ये. म्हाताऱ्याला हे सांगितल्यावर तो म्हणाला म्हणे, त्या गिरणीवाल्याला कोणी नातू होता का.

सर मे महिन्यात निवृत्त झाले आणि जूनमध्ये वहिनींबरोबर नाशिकला मुलीकडे राहायला गेले. निरोप समारंभात सगळे असतात, भाषणं असतात, तिथे माणूस धड दिसत नाही. म्हणून मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच्या महिनाभर आधीचं, मतदानाच्या दिवशीचं धरते.

आमचं दोघांचं केंद्र एकच, शाळेतलं. सरांची गल्ली आणि आमची गल्ली शेजारी-शेजारी. त्यांच्या गल्लीतले लोक दरवेळी नऊच्या सुमाराला घोळक्याने यायचे, वहिनींना मधे घेऊन, हसत-खिदळत, आणि सर त्यांच्यात असायचेच. मी आले त्या वर्षी विधानसभेच्या मतदानाला मी स्वतः पाहिलं होतं. त्या दिवशी मला घरी पाहुणे यायचे होते म्हणून मी सात वाजताच पोहोचले. दार अजून उघडायचं होतं. रांगेत माझ्यापुढे एकच माणूस उभा होता, उंच, किंचित वाकलेला, खादीचा शर्ट इस्त्री केलेला.

माझ्या तोंडावर प्रश्न आला होता. फटकळ तोंड ते, किती वेळ बंद राहणार! पण सरांनी वळून पाहिलं, आणि मी विचारलं नाही. एवढंच म्हटलं, वहिनी बऱ्या आहेत ना? बऱ्या आहेत, नऊ वाजता येतील सगळ्यांबरोबर, सर म्हणाले.

मी मत देऊन बाहेर आले तर ते घरी गेले नव्हते. फाटकाच्या बरंच अलीकडे, रस्त्याकडेच्या कट्ट्यावर बसले होते, बोटावरची शाई वाळायला हात जरा लांब धरून. मी म्हटलं, चला सर, रिक्षा करते, वाटेत सोडते.

"तुम्ही व्हा पुढे, बाई," ते म्हणाले. "मी थांबतो. आमची माणसं यायची आहेत, त्यांच्याबरोबर घरी जाईन."